चटणीचा प्रचार करायचा की जाहिरात?

शेजारच्या सूनबाईंच्या बचत गटाला यंदा गड्ड्यावर, म्हणजे आमच्या सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, स्टॉल मिळालाय. कडक भाकरी आणि शेंगा चटणी. त्यांनी पत्रकाचा मसुदा दाखवायला आणला, वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'प्रसिद्धीसाठी प्रचारपत्रक'. "काका, आमचे मामंजी म्हणतात, प्रचार फक्त निवडणुकीत असतो. मग जाहिरात लिहू, प्रसिद्धी लिहू का प्रसार?"

मामंजी अर्धे बरोबर आहेत. प्रचार खादीचाही होतो, कुटुंबनियोजनाचाही झाला. पण प्रचारात समोरच्याचं मत वळवायचं असतं. चटणीबाबत सोलापुरात कुणाचं मत वळवायचं शिल्लक आहे?

या शब्दांचा गुंता झाला की मी त्यांची क्रियापदं बघतो. जाहिरात आपण करतो किंवा देतो, आणि तिचे पैसे मोजतो. प्रसिद्धी मिळते. म्हणजे ती दुसऱ्याच्या हातात असते, म्हणून तर संस्था वर्तमानपत्राला बातमी पाठवताना 'कृपया प्रसिद्धी द्यावी' अशी विनवणी करतात. प्रसार बहुधा होतो. कुणी न करताही होतो, साथीच्या रोगासारखा.

'प्रसिद्ध'ची मात्र एक गंमत आहे. मतदारयादी प्रसिद्ध होते, निविदा प्रसिद्ध होते, पण त्यांना कोणी नावाजत नाही. इथे अर्थ एवढाच, की सगळ्यांना बघायला खुली झाली. 'सुप्रसिद्ध वकील' म्हणताना तोच शब्द नावलौकिकाकडे झुकतो. नावलौकिक वाईट असला तर 'कुप्रसिद्ध'.

'जाहिरात' अरबी 'जाहिर'वरून, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. हिंदीवाले 'विज्ञापन' म्हणतात. मराठीत हा शब्द जुना आहे, पण वेगळ्याच कामाचा: पेशवाईतल्या पत्रांत धाकटा थोरल्याला 'विज्ञापना' करायचा, म्हणजे अदबीनं विनंती. त्यामुळे मला साबणाचं 'विज्ञापन' वाचलं की साबण हात जोडून उभा आहे असं वाटतं. आमच्या गावात तर हे शब्द कानावर तीन भाषांतून पडतात. कानडी बोलणारा शेजारी आपल्यासारखंच 'जाहीरातु' म्हणतो. पूर्व भागातले तेलुगू 'प्रकटन' म्हणतात. आपण तो शब्द वकिलांच्या 'जाहीर प्रकटना'पुरता ठेवलाय.

छापखान्याआधीचे आपले शब्द बघा, एकजात वाजणारे आहेत. दवंडी, डंका, डांगोरा, टिमकी. डांगोऱ्याला कानडीत 'डंगुर', तेलुगूत 'दंडोरा', हिंदीत 'ढिंढोरा'. कुणी कुणाकडून घेतला यात मी पडत नाही, इथल्या चौकात चौघेही एकमेकांना ओळखतात. पण आपल्या त्या चार वाजणाऱ्या शब्दांचा वापर एक नाही. दवंडी सरळ निरोप देते, डंका दुसऱ्यानं वाजवला तर मान, टिमकी माणूस स्वतःचीच वाजवतो, आणि डांगोरा पिटला म्हटलं की ऐकणाऱ्याला कंटाळा आलाय हे समजावं. बोभाटा यांच्यातला नव्हे. तो कुणी ठरवून करत नाही, झाकलेलं फुटलं की होतो. 'षट्कर्णी होणे' हे त्याचं सोवळ्यातलं रूप: दोघांचं बोलणं चार कानांत राहतं, तिसरा आला की कान सहा, आणि मग गुपित कसलं?

जाता जाता शुद्धलेखन. 'प्रसिद्धी' सुटा असताना शेवटी दीर्घ, पण समासात पहिला आला की ऱ्हस्व: प्रसिद्धिपत्रक, प्रसिद्धिपराङ्मुख. हा दुसरा शब्द लिहिताना भले भले 'ङ्' कुठे बसवायचा यात अडकतात.

तर सूनबाई, 'प्रचारपत्रक' काढा, 'प्रसिद्धीसाठी'ही काढा. आणि त्यांच्या जागी 'जाहिरात' असंही लिहू नका. भाकरीवर 'भाकरी' असं कुणी लिहितं का? वर मोठ्या अक्षरात 'शेंगा चटणी' लिहा, खाली भाव आणि स्टॉलचा नंबर.