वाचकांचे प्रश्न : गझलसंग्रहाचे परीक्षण

प्रश्न : पहिल्यांदाच एका गझलसंग्रहाचे परीक्षण लिहितो आहे. तंत्र तपासायचे म्हणजे नेमके काय पाहायचे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : अख्खा संग्रह मोजत बसू नका. सुरुवात, मध्य आणि शेवट मिळून सात-आठ गझला निवडा. आधी मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर (दोन ओळींचा एकक), पाहा. त्याच्या दोन्ही ओळींत काफिया (यमकाचा शब्द) आणि, असलाच तर, रदीफ (काफियानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द) येतो आणि तिथे ठरलेले पुढच्या प्रत्येक शेराच्या दुसऱ्या ओळीत पाळावे लागते. घसरते ती बहुधा अलामत, म्हणजे काफियातल्या सारख्या अक्षराआधीचा कायम राहणारा स्वर. मतल्यात ‘जगणे’ आणि ‘रडणे’ घेतले की ‘णे’आधीचा ‘अ’ ठरला. पुढे ‘हसणे’ चालेल. ‘येणे’, ‘जाणे’ आले की अलामत भंगली. सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ हाताशी ठेवा.

मग वृत्त. लघू अक्षराची १ मात्रा, गुरूच्या २. आनंदकंद या वृत्ताची ओळ २४ मात्रांची : गागालगा लगागा, दोनदा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू). नमुन्यासाठी जुळवलेली ही ओळ मोजून पाहा : ‘वाटेत भेटला तो, थांबून बोलला ना’. नुसती बेरीज जुळून भागत नाही, लघु-गुरूंचा क्रमही जागच्या जागी हवा. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू, हा नियम डोळे मिटून लावू नका. ‘तुम्ही’, ‘उन्हाळा’, ‘कुऱ्हाड’ यांत आधीच्या अक्षरावर आघात येत नाही, म्हणून तु, उ, कु लघूच राहतात. इथे कवीला चूक ठरवलेत तर हसे तुमचे होईल.

तंत्राला परीक्षणाचा चौथा हिस्सा पुष्कळ झाला. शेराची खरी परीक्षा वेगळी आहे : पहिली ओळ झाकून दुसरी वाचा. दुसरीच पुरेशी वाटली तर पहिली भरीची. रदीफ वगळूनही अर्थ तोच राहत असेल तर तो नुसता लोंबतो आहे. ‘भाषा ओघवती’ असे लिहिण्यापेक्षा असा एक शेर उद्धृत करून तो कुठे सैल पडला ते दाखवा. जमलेला शेरही तसाच उलगडा.

प्रश्न : ओळी उद्धृत करायला कवीची परवानगी लागते का?

उत्तर : समीक्षेसाठी उचित प्रमाणात लागत नाही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये तशी सवलत आहे. कवीचे आणि संग्रहाचे नाव द्या. सहाशे शब्दांच्या परीक्षणात चार-पाच शेर पुरेत. अख्खी गझल छापायची असेल तर मात्र विचारलेले बरे. आणि हो, ओळी पुस्तक उघडे ठेवून उतरवा. आठवणीतून लिहिताना एखादा ऱ्हस्व दीर्घ होतो आणि वृत्त मोडल्याचे खापर कवीवर फुटते.

प्रश्न : गझलांच्या अल्बमवर लिहायचे आहे, पण राग ओळखता येत नाहीत.

उत्तर : मग रागांची नावे लिहू नका. शब्द कसे ऐकू येतात ते लिहा. चाल मध्येच शब्द तोडते का? पहिली ओळ घोळवून गाताना दुसरीची ओढ वाढते, की नुसती पुनरुक्ती होते? दादरा तालाच्या ६ मात्रांत किंवा केरवा तालाच्या ८ मात्रांत ओळ बसवताना लघू अक्षर उगाच ताणले आहे का? एकदा हेडफोनवर आणि एकदा छापील शब्द समोर ठेवून ऐका.

प्रश्न : कवी ओळखीचा आहे. लिहावे का?

उत्तर : जवळचा असेल तर नको. नुसती ओळख असेल तर संपादकांना आधी सांगा आणि लिहा.