तापात फिट आली म्हणजे पुढे मिरगी होतेच का?

दीड वर्षाच्या मुलीला तापात एकदा झटका आला, पुढे मिरगी होईल का आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढावा का, असं विचारलंय तुम्ही. बहुतेक होणार नाही. आणि एका साध्या झटक्यासाठी ईईजी नको.

आमच्याकडे हा वाद अजून मिटलेला नाही. गणपतीत कळव्याला सासरी जमलो होतो. मुलगा चौदा महिन्यांचा, दुपारपासून अंग कोमट. आरती चालू असताना एकदम ताठ झाला, डोळे वर, दातखीळ, ओठ निळसर. जाऊबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला, भावजी दातांत घालायला चमचा घेऊन आले. मी बालवाडीत शिकवायचे, तिथे असला प्रकार बघितला होता. चमचा हिसकावला, पोराला कुशीवर केलं नि घड्याळाकडे बघत बसले. दोन-तीन मिनिटांत अंग सैल पडलं. रिक्षाने दवाखान्यात पोचेस्तोवर झोपला होता, डॉक्टरांनी घसा बघायला घेतल्यावर भोकाड पसरलं. घसाच सुजला होता. भावजींना मात्र चमच्याचा अपमान आजही लागून आहे.

तेव्हापासून पोरगा घरात 'फिटवाला'. पोहायला पाठवू नका, येऊरच्या सहलीला नको, अभ्यासाचा ताण देऊ नका. वर हे, की लग्न ठरवताना कुठे बोलू नका हं. अहो, लपवायचं काय त्यात? सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटका येतो. साधा झटका आलेल्यांत पुढे मिरगी होते ती शंभरात एक-दोघांना, आणि कधीच झटका न आलेल्यांतही शंभरात एखाद्याला होतेच. बरं, खरोखर मिरगी असती तरी? हिंदू विवाह कायद्यातली तिची आडकाठी 1999 मध्येच काढून टाकली. भावजी वकिलाकडे कारकून आहेत, तरी.

तापात पुन्हा झटका येऊ शकतो, साधारण तिघांत एकाला येतो. पॅरासिटामॉलने मुलीला बरं वाटेल, पण झटका टळेलच असं नाही. त्यामुळे 'वेळेवर औषध दिलं असतंस तर' म्हणणाऱ्या नणंदांना खुशाल गप्प करा.

हे सगळं साध्या झटक्याचं झालं, बरं का. पंधरा मिनिटांच्या वर चालला, अंगाच्या एकाच बाजूला आला, चोवीस तासांत पुन्हा आला, मुलीची वाढ आधीपासूनच मागे असेल किंवा आईबापांत, भावंडांत कुणाला मिरगी असेल तर पुढे मिरगी होण्याचा धोका वाढतो. मग मुलांच्या न्यूरोलॉजिस्टकडे जा, ईईजीचं ते ठरवतील. मान ताठ असेल, किंवा झटक्यानंतर मूल नीट शुद्धीवर येत नसेल तर मेंदूज्वराची शंका, घरी थांबूच नका. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर 108 ला फोन करा. झटका थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलम या औषधाचा स्प्रे मिळतो, तो मुलीच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कुठे ठेवलाय ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.