‘चालेल’ म्हणणारी मुलगी

“मॅडम, ती तिकडे रडायला लागली तर आम्ही काय करायचं?”

विद्यार्थी विनिमय कार्यक्रमात निवड झालेल्या मुलांचे पालक पहिल्या भेटीत हमखास हे विचारतात. कोणी ‘एकटी पडेल का’ म्हणतं, कोणी ‘महिन्याभरात परत यायचं म्हणाली तर?’. या आईंनी थेट रडण्याचंच विचारलं. मुलगी सोळा वर्षांची. दहा महिने परक्या देशातल्या एका कुटुंबात राहून तिथल्याच शाळेत जाणार होती. मी म्हटलं, “रडेल. एकदा तरी रडणारच, असं धरून चला.” आईंचा चेहरा उतरला. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, “चालेल.”

त्या ‘चालेल’कडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

मी आपली नेहमीची तयारी सुरू केली. फळ्यावर इंग्रजी ‘यू’सारखी रेघ काढली. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्व्हेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये, अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांच्या मुलाखतींवरून ही कल्पना मांडली: सुरुवातीला सगळं छान वाटतं, मग मन खाली घसरतं, मग हळूहळू सावरतं. पालकांना ही रेघ फार आवडते, कारण तिचं शेवटचं टोक वर जातं. पण ती माणसं मोठी होती, शाळकरी नव्हती. शिवाय पुढच्या अभ्यासांमध्ये सगळ्यांचा प्रवास याच वळणानं जातो असं काही दिसलेलं नाही. काही मुलं पहिल्याच रात्री तळाला असतात. म्हणून हल्ली मी ती रेघ काढते आणि लगेच अर्धी पुसून टाकते.

घराच्या ओढीबद्दलही बोललो. १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्यानं बाझलला प्रबंध लिहून या ओढीला ‘नोस्टॅल्जिया’ हे नाव दिलं, तेही चक्क रोग म्हणून. आईंनी लगेच विचारलं, “मग औषध काय सांगितलंय?” रोग्याला घरी पाठवणं हाच होफरच्या मते खरा इलाज होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

तिसऱ्या भेटीत सरावासाठी मी यजमान आईची भूमिका घेतली, म्हणजे ती जिच्या घरी राहणार त्या बाईची. मुलीच्या हातात एक चिठ्ठी दिली: ‘दोन रात्री थंडीनं झोप लागलेली नाही. शाळेतून परत येताना कुठे उतरायचं ते कळलेलं नाही.’ हे तिनं मला कसंही करून सांगायचं होतं.

“खोलीत गारठा नाही ना वाटत?”

“नाही, नाही. ठीक आहे.”

“कुठे उतरायचं ते समजलं ना?”

“हो.”

“शनिवारी आमच्याबरोबर बाहेर येशील?”

“चालेल.”

चिठ्ठी हातात तशीच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरी ती ‘कसलाच त्रास न देणारी’ म्हणून नावाजलेली होती. निवडीच्या वेळीही याच गुणाचं कौतुक झालं असणार. यजमान कुटुंबाला मात्र असं मूल म्हणजे कोडं असतं. आईला निदान चेहरा वाचता येतो, परक्या माणसाला तो येत नाही. मूल गप्प राहिलं की त्यांना वाटतं, याला आपलं घर आवडलेलं नाही. मग तेही जपून वागू लागतात, मूल आणखी आक्रसतं, आणि कोणाचीच चूक नसताना घरात अवघडलेपण येतं. मी पाहिलेल्या फसलेल्या मुक्कामांपैकी बरेचसे असेच फसले होते. रडणारी मुलं त्या मानानं बरी. निदान काहीतरी बिनसलंय हे दिसतं तरी.

मग रेघ बाजूला ठेवली. त्या देशाच्या भाषेतली तीनच वाक्यं पक्की करायची ठरवली: मला समजलं नाही, पुन्हा सांगाल का? मला हे नको आहे. मला मदत हवी आहे. गंमत म्हणजे परक्या भाषेत ती दोन दिवसांत जमली. मराठीत ‘मला नको’ म्हणायला तिला दोन आठवडे लागले. घरी रोज एकदा खरोखरचं ‘नको’ म्हणायचं, हा गृहपाठ दिला. रोटरीच्या युवा विनिमयात मुलांना ‘पहिल्या रात्रीचे प्रश्न’ अशी एक यादीच देतात: तुम्हाला काय म्हणून हाक मारू, न्हाणीघर कधी वापरू, कपडे कुठे टाकायचे. मला ती यादी फार शहाणपणाची वाटते. विचारणं हे एकदा कामच होऊन बसलं की बुजऱ्या मुलालाही विचारायला परवानगी मिळते.

आईवडिलांची तयारी वेगळी. मूल फोनवर रडतं, मोकळं होतं आणि झोपी जातं. इकडे आईबाप रात्रभर जागे. म्हणून ठरवलं की फोनवर तोडगे काढायचे नाहीत, फक्त विचारायचं, “हे तिथे कोणाला सांगितलंस?” त्या ‘कोणा’मध्ये यजमान आई, शाळेतले शिक्षक आणि संस्थेनं नेमलेली स्थानिक संपर्क व्यक्ती हे तिघंही येतात. संपर्क व्यक्ती यजमान घरातली नसते, आणि तसंच हवं. एक अपवाद मात्र मी तिच्या वहीत ठळक लिहून दिला. कोणी नकोसा स्पर्श केला, पासपोर्ट काढून घेतला, उपाशी ठेवलं किंवा कोणाशी बोलायला मज्जाव केला, तर वाट पाहायची नाही; त्याच क्षणी संस्थेला आणि घरी कळवायचं. घर बदलून मागणं म्हणजे हरणं नव्हे, हेही लिहिलं.

सहाव्या आठवड्यात ती रडली. आईंनी कळवळा गिळून ठरलेला प्रश्न विचारला. उत्तर आलं, “कोणालाच नाही.” खोलीतला हीटर तापत नव्हता आणि अकरा रात्री ती कोट घालून झोपत होती. दुसऱ्या दिवशी तिनं पाठ केलेलं तिसरं वाक्य यजमान आईपुढे म्हटलं. त्या बाईंनी पलंगामागे हात घालून बंद असलेली चावी फिरवली. दोन मिनिटांचं काम. मग त्याच डोळे पुसत बसल्या, “अकरा दिवस?”

इतकी तयारी करूनही अकरा दिवस. मी हा आकडा आता प्रत्येक नव्या पालकांना सांगते.

परतीचा भाग मी थोडक्यात उरकला होता, तो महागात पडला. गलहॉर्न या संशोधक दांपत्यानं १९६३ मध्येच त्या ‘यू’चा ‘डब्ल्यू’ केला होता, कारण घरी परतल्यावर दुसरा उतार लागतो. ती परत आल्यावर महिन्याभरानं वडिलांचा फोन आला.

“मॅडम, तुम्ही हिला शिकवलंत तरी काय? ऊठसूट ‘नको’. परवा पाहुणे बसलेले असताना म्हणाली, मी दमलेय, मी खोलीत जाते.”

“मग गेली?”

“गेली ना!”

मागून आईंचा आवाज आला, “आणि दहा मिनिटांनी मीही उठले.”