'जैवइंधनासाठी जंगलतोड' की 'जैवइंधनामुळे'?

विचारलंय असं की भाषांतरात "जैवइंधनासाठी वर्षावनांची तोड" लिहायचं की "जैवइंधनामुळे", आणि 'जैविक इंधन' चालेल का. (जैवइंधन म्हणजे पिकांपासून बनवलेलं डिझेल, इथेनॉल वगैरे.)

दुसरं आधी उरकतो. जैविक नको. बाजारात जैविक म्हणजे खत, गूळ, भाजी, त्यामुळे डिझेलपण आता बिनरासायनिक निघालं की काय असं वाटतं.

आता 'साठी'. इंधन म्हणजे मूळ संस्कृतात सरपणच, इन्ध् म्हणजे पेटवणं, त्यामुळे 'इंधनासाठी जंगलतोड' वाचलं की मराठी माणसाच्या डोळ्यासमोर डोक्यावर मोळी घेतलेली बाई येते. सुमात्रा-बोर्निओत तसं काही नाहीये. तिथे जंगल तोडून, जाळून, पीटची (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थरांची) दलदल कालवे खणून कोरडी करून पाम लावतात, आणि मग त्या फळांच्या तेलाचं डिझेल बनतं. म्हणजे झाड जळतं पण गाडीच्या टाकीत नाही. शिवाय 'साठी'ने हेतू कळतो आणि इथे हेतू बऱ्याचदा सापडतच नाही, म्हणजे युरोपात रेपसीडचं तेल (आपल्या मोहरीचंच भावंड) गाड्यांना गेलं की खायच्या तेलाची तूट पाम भरून काढतं, भाव चढतो, कुणीतरी नवीन लागवड करतो आणि त्याच्या डोक्यात डिझेल नसतंही. ही अशी वळसा घेऊन येणारी जंगलतोड धरूनच युरोपियन युनियनने २०१९ मध्ये पामतेलाला जास्त धोक्याचं ठरवलं आणि २०३० पर्यंत पामचं डिझेल अक्षय ऊर्जेच्या हिशेबातून काढायचं ठरवलं. असल्या आडून आलेल्या कारणाला मराठीत 'मुळे'च लागतं.

इंडोनेशियात डिझेलमध्ये ४० टक्के पाम बायोडिझेल मिसळायचं सरकारी धोरण आहे, तिथे 'साठी' म्हणायला थोडी जागा आहे. थोडीच.

पण मी असतो तर 'जैवइंधनामुळेही' लिहिलं असतं. तो 'ही' खाऊ नका! जगातलं बरंचसं पामतेल तळणीत, बिस्किटात, साबणात जातं, आणि त्याचे सगळ्यात मोठे आयातदार आपणच. नुसतं 'मुळे' लिहिलंत तर आपला वडापाव निर्दोष सुटतो.

आणि ब्राझीलचं उदाहरण देणार असाल तर जपून. तिथलं उसाचं इथेनॉल मुख्यतः साओ पाउलोकडचं, ॲमेझॉनपासून लांब. ॲमेझॉनमध्ये सगळ्यात जास्त जंगल गेलं ते गुरांच्या कुरणांसाठी, तिथे 'साठी' बिनधास्त वापरा.