रिकाम्या चौकटी एका दमात भरा

प्रश्न : आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून एक्सेलमध्ये येणाऱ्या यादीत गिऱ्हाइकाचं नाव ‘ए’ स्तंभात एकदाच येतं, खालच्या ओळी रिकाम्या. त्या भरायला मॅक्रो (एकदा केलेल्या कृती नोंदवून त्याच पुन्हा आपोआप करणारी सोय) रेकॉर्ड केला, पण तो दर महिन्याला ४१२व्या ओळीवरच थांबतो. का?

उत्तर : रेकॉर्ड करताना तुम्ही तेवढाच पट्टा निवडला होता. मॅक्रोने त्या पट्ट्याचा पत्ता जसाच्या तसा लिहून ठेवला. नव्याने रेकॉर्ड करा आणि यावेळी ‘ए’ या मथळ्यावर क्लिक करून अख्खा स्तंभ निवडा. मग एफ५, स्पेशल, ब्लँक्स, ओके. बरोबरचं चिन्ह (=), वरचा बाण, कंट्रोल-एंटर; म्हणजे प्रत्येक रिकाम्या चौकटीत ‘वरच्या चौकटीतलं नाव घे’ असं सूत्र बसतं. एक्सेल डेटा जिथे संपतो तिथवरच्याच चौकटी घेतं, त्यामुळे ओळी कितीही असोत.

लगेच तोच स्तंभ कॉपी करून कंट्रोल-ऑल्ट-व्ही, व्ही, एंटर दाबा, म्हणजे सूत्रांच्या जागी नुसती नावं राहतील. हे टाळू नकाच! सूत्रं तशीच राहिली तर यादी सॉर्ट करताच नावं भलत्याच ओळींना चिकटतात.

नावाऐवजी ‘=ए२’ असं दिसलं तर स्तंभाचं फॉरमॅट टेक्स्ट आहे; आधी जनरल करा. तळाशी बेरजेची ओळ असेल तर तिथेही शेवटचं नाव भरलं जाईल, ती आधी काढा. मॅक्रोनंतर अनडू चालत नाही, म्हणून फाइलच्या प्रतीवरच चालवा.