सूचना निघाली, मुदत किती? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

आमच्या गटातून राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण जाते, असे गावात बोलतात. पेपरात सूचना येऊन गेली म्हणे. नाशिक विभागीय पुरवणीचे अंक चाळले, त्यात काहीच सापडले नाही. हरकतीला साठ दिवस असतात ना? (शेतकरी, सिन्नर तालुका)

साठ नव्हे, एकवीस. आणि तुम्ही राजपत्रच दुसरे चाळलेत.

महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग एकच्या विभागीय पुरवण्यांत राज्याच्या भूसंपादनाच्या अधिसूचना येतात. राष्ट्रीय महामार्गाचे संपादन मात्र राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली केंद्र सरकार करते. त्याची अधिसूचना भारताच्या राजपत्रात, असाधारण, भाग दोन, खंड ३, उपखंड (ii) मध्ये निघते. तिच्या माथ्यावर ‘का.आ.’ म्हणजे कानूनी आदेश असा क्रमांक असतो. हिंदी मजकुरात कलमे ३क, ३ग, ३घ, ३छ अशी दिसतील. आपल्याकडे तोंडी चालणारी थ्री-ए, थ्री-सी, थ्री-डी, थ्री-जी तीच. हे ठाऊक नसले की कागद हातात असूनही माणूस ‘थ्री-ए निघालीच नाही’ म्हणत बसतो.

३ए म्हणजे संपादनाचा इरादा. त्याचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापावा लागतो, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले. ३सीप्रमाणे हरकत ३ए अधिसूचनेच्या प्रसिद्धीपासून २१ दिवसांत, लेखी, सक्षम प्राधिकाऱ्याकडे द्यायची. हा प्राधिकारी बहुधा उपविभागीय अधिकारी किंवा भूसंपादन अधिकारी असतो, आणि तो कोण ते अधिसूचनेतच लिहिलेले असते. पेपरात जाहिरात राजपत्रानंतर काही दिवसांनी येते. मुदत पेपरापासून मोजण्याचा धोका पत्करू नका, राजपत्राची तारीखच धरा. प्रसिद्धीचा दिवस सोडून मोजायचे: १५ मार्चला प्रसिद्ध झाली तर शेवटचा दिवस ५ एप्रिल. त्या दिवशी कार्यालयाला सुटी असेल तर पुढचा कामाचा दिवस चालतो, पण तिथवर ताणू नये.

हरकतीत काय लिहायचे, इथे सर्रास चूक होते. ‘दर कमी आहे’, ‘शेजारच्या गावाला जास्त मिळाले’ असे दोन पानी अर्ज जातात आणि फेटाळले जातात. या टप्प्यावर दर ठरलेलाच नसतो. इथे चालतात ते मुद्दे जमिनीचे: गट क्रमांक चुकला आहे, पोटहिस्सा दिलेला नाही, संपादनाचे क्षेत्र आमच्या एकूण क्षेत्रापेक्षा जास्त दाखवले आहे, बागायत जमीन जिरायत लिहिली आहे, आखणीत विहीर जाते आणि उरलेल्या शेताला पाणी राहत नाही, उरलेल्या तुकड्याला वाट राहत नाही. सोबत सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा आणि शक्य असेल तर विहिरीचा फोटो जोडा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेबांकडे दिला होता’ याला सुनावणीत काडीची किंमत नसते.

क्षेत्राचा रकाना नीट वाचा. ०.४२.५० म्हणजे शून्य हेक्टर, ४२ आर, ५० चौरस मीटर, म्हणजेच ४,२५० चौरस मीटर. पुढे संयुक्त मोजणी होते तेव्हा भूकरमापकाबरोबर स्वतः बांधावर उभे राहा. झाडे, पाइपलाइन, गोठा, कूपनलिका यांचा पंचनामा त्याच सुमारास होतो. फळझाडांचे मूल्यांकन कृषी विभाग, वनझाडांचे वन विभाग आणि बांधकामाचे सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. पंचनाम्यात जे नाही ते मूल्यांकनाला जातच नाही. मग भरपाईच्या यादीत ‘झाडे: निरंक’ येते आणि पुढची दोन वर्षे त्या एका शब्दामागे हेलपाटे घालावे लागतात.

३ए नंतर एका वर्षात ३डी निघाली पाहिजे, नाहीतर ३ए निष्प्रभ होते. न्यायालयाच्या स्थगितीचा काळ त्यातून वगळतात. ३डी प्रसिद्ध झाली की जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, म्हणजे मालकी सरकारची होते. भरपाई ठरवण्यापूर्वी ३जीखाली पुन्हा जाहीर सूचना येते. दराचे पुरावे, खरेदीखते, फळबागेचे उत्पन्न हे सारे तेव्हा मांडायचे. रक्कम पटली नाही तर ३जी(५) खाली लवादाकडे अर्ज करता येतो.

तुमचे साठ दिवस आले ते २०१३च्या भूसंपादन कायद्यातून. त्यातल्या कलम ११च्या प्राथमिक अधिसूचनेवर कलम १५प्रमाणे ६० दिवसांत हरकत घेता येते. धरण, कालवा, राज्याचे इतर सार्वजनिक प्रकल्प यांसाठी तो कायदा लागतो. म्हणून सूचनेत आधी कायद्याचे नाव व कलम शोधा, प्रकल्पाचे नाव नंतर.

कालव्यासाठी कलम ११ची अधिसूचना निघाली आहे. मुलीच्या लग्नासाठी त्याच गटातले दहा गुंठे विकायचे होते. आता विकता येतील का? आणि निवाड्याची रक्कम उचलली तर वाढीव मागता येत नाही, हे खरे का? (वाचक, फलटण तालुका)

अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून कार्यवाही पुरी होईपर्यंत त्यातल्या जमिनीचा व्यवहार करता येत नाही आणि तिच्यावर बोजाही चढवता येत नाही. कलम ११(४) मध्ये एक वाट आहे: जमीनमालकाने विशेष परिस्थिती लेखी मांडून अर्ज केला तर जिल्हाधिकारी कारणे नोंदवून सूट देऊ शकतात. गटातला अधिसूचित भाग कोणता आणि मोकळा कोणता, ते अनुसूचीतल्या क्षेत्रावरून आधी पाहा. अख्खा गट गेलेला नसेल तर बंदी गेलेल्या भागापुरतीच असते. ‘इतर हक्क’ रकान्यातला शेरा मात्र सगळ्या गटावर दिसतो आणि दुय्यम निबंधकाकडे दस्त अडतो. अशा वेळी भूसंपादन अधिकाऱ्याचे पत्र सोबत लागते.

दुसरे अर्धवट खरे आहे. रक्कम बिनतक्रार घेतली तर कलम ६४खाली वाढीव मागण्याचा हक्क जातो. पावतीवर आणि स्वतंत्र पत्रातही ‘हक्क राखून, हरकतीसह स्वीकारली’ असे लिहून घेतली तर जात नाही. छापील पावतीवर त्यासाठी जागा नसते, तेव्हा समासात लिहा. कलम ६४ची मुदत: निवाडा देताना तुम्ही किंवा तुमचा वकील हजर असाल तर निवाड्यापासून सहा आठवडे. हजर नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांतले जे आधी संपेल ते. म्हणून निवाड्याच्या दिवशीच्या हजेरीपत्रकावर सही कोणाची आहे, याला महत्त्व.

चुलत्यांनी सामाईक जमिनीतला हिस्सा परस्पर विकला. तलाठ्याने फेरफार धरल्याचे उशिरा कळले. आमची सही नसताना नोंद कशी होते? (वाचक, परांडा तालुका)

नोंद धरायला तुमची सही लागत नाही, नोटीस लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५०प्रमाणे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद धरली की चावडीवर प्रत लावायची आणि हितसंबंधितांना नमुना ९ची नोटीस द्यायची. हरकतीला १५ दिवस. हरकत आली की नोंद ६-अ मध्ये, तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी लागते. नाही आली तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. चावडीवर कोणी कागद वाचत नाही हे खरे, पण महाभूमीच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’त जिल्हा, तालुका, गाव निवडले की चालू फेरफारांच्या नोटिसा गटनिहाय दिसतात. सामाईक खाते असेल तर आठवड्यातून एकदा ते पान उघडावे.

तुमची मुदत हुकली असेल आणि नोंद प्रमाणित झाली असेल, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे कलम २४७खाली अपील करा. आदेशापासून ६० दिवस मिळतात. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज जोडा आणि त्यात कळल्याची तारीख व कशावरून कळले ते लिहा. नमुना ९ची बजावणी झाल्याची सही मागवून घ्या. तिथे ‘समक्ष दिली’ असा मोघम शेरा सापडला तर तोच तुमचा सर्वांत भक्कम मुद्दा. एवढे लक्षात असू द्या की फेरफाराने मालकी ठरत नाही. हिश्श्याचा निकाल हवा तर दिवाणी न्यायालयातच जावे लागेल.

नगरपरिषदेच्या प्रारूप मतदार यादीत आमच्या गल्लीतली चाळीस नावे पलीकडच्या प्रभागात गेली आहेत आणि नव्याने अठरा वर्षांची झालेली मुले यादीत नाहीतच. दोन्हींसाठी एकच अर्ज चालेल का?

नाही. ही दोन कामे दोन दारांची आहेत. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागनिहाय फोडतो, स्वतः नवी नावे घालत नाही. त्यामुळे प्रारूप यादीवर तीनच गोष्टी मागता येतात: प्रभाग चुकला, लेखनिकाची चूक झाली, किंवा विधानसभा यादीत असलेले नाव इथे गळाले. गल्लीचा अर्ज देताना विधानसभा यादीचा भाग क्रमांक व अनुक्रमांक प्रत्येक नावापुढे लिहा आणि प्रभागाच्या हद्दीचे वर्णन जोडा. नुसता ‘आमची गल्ली’ म्हणून केलेला अर्ज कर्मचाऱ्याला जागेवर तपासता येत नाही.

मुलांसाठी भारत निवडणूक आयोगाचा नमुना ६ भरायचा. पत्ता बदलला किंवा दुरुस्ती असेल तर नमुना ८. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा, म्हणजे अठरा वर्षे पुरी झाली का ते ज्या दिवशी पाहतात त्या तारखा, आहेत. स्थानिक निवडणुकीला कोणत्या दिवसाची विधानसभा यादी धरायची ते राज्य आयोग अधिसूचनेने ठरवतो. त्यानंतर नमुना ६ भरलेल्याला पुढच्या निवडणुकीची वाट पाहावी लागते.

ग्रामपंचायतीला उभा होतो, पडलो. खर्च काहीच केला नाही, तरी हिशेब द्यायचा?

द्यायचा, शून्याचा असला तरी. निकालापासून ३० दिवसांत, आयोगाने ठरवलेल्या नमुन्यात. पडलेल्या आणि बिनविरोध निवडून आलेल्या, दोघांनाही हेच लागू. हुकले तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-बखाली पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. निवडणुकीलाच आव्हान द्यायचे असेल तर कलम १५ची मुदत निकालापासून अवघे १५ दिवस.

वडिलांच्या नावावर रिक्षाचा परवाना होता. ते वारले. रिक्षा मी चालवू शकतो का? परवान्याची मुदतही दोन महिन्यांत संपते. (वाचक, पिंपरी)

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ८२(२) ने तुम्हाला तीन महिने दिले आहेत, पण एका अटीवर. मृत्यूपासून ३० दिवसांत परवाना देणाऱ्या प्राधिकरणाला लेखी कळवले पाहिजे की वारले, आणि गाडी मी वापरणार आहे. हे न कळवता गाडी रस्त्यावर आणली तर ती विनापरवाना धरली जाते. कलम १९२-अखाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तुमच्याकडे रिक्षाचा लायसन्स व बॅज हवा, हे वेगळे सांगायला नको. नसेल तर बॅज असलेला चालक ठेवा.

तीन महिन्यांच्या आत दोन अर्ज: आरसी तुमच्या नावे करण्यासाठी नमुना ३१, आणि परवाना हस्तांतराचा. आधी आरसी, मग परवाना. मृत्यूचा दाखला, इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र, विमा, फिटनेस, पीयूसी लागतात. गाडी अडते ती बहुधा दोन ठिकाणी. एक, कर्ज फिटले पण आरसीवर बोजा तसाच आहे. बँकेचा ना-हरकत दाखला आणून तो आधी उतरवा. दोन, बहिणीची सही नाही. ‘तिला रिक्षा कशाला हवी’ हे खिडकीवर चालत नाही, वारस म्हणजे वारस.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान १५ दिवस आधी गेला पाहिजे. हस्तांतर अडकले आहे म्हणून नूतनीकरण थांबवू नका, दोन्ही बरोबर चालवा. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून अर्ज घेता येतो, तो घ्यायचा की नाही हे मात्र प्राधिकरणाच्या हातात.

याच पत्रात तुमच्या भावाच्या छोट्या टेम्पोचे विचारले आहे. मालवाहू गाडीचे एकूण वजन, म्हणजे मालासह वजन, ३,००० किलोपर्यंत असेल तर तिला परवाना लागत नाही. आरसीवरचा एकूण वजनाचा रकाना पाहा, रिकाम्या गाडीच्या वजनाचा नव्हे.

पुलाच्या कामासाठी जड वाहनांना बंदी घातली. राजपत्रात काही आले नाही. दंड झाला तर आव्हान देता येईल?

बंदी एक महिना किंवा त्याहून कमी काळाची असेल तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५प्रमाणे राजपत्रात प्रसिद्धी लागतच नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. महिना उलटून बंदी चालू असेल तर राजपत्रातली अधिसूचना मागा. आदेशाची तारीख आणि रस्त्यावरच्या फलकाचा तारखेसह फोटो, दोन्ही जवळ ठेवा.