पहिलं लिनक्स कोणतं? खानापूरच्या एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी बेळगावात बीसीएच्या पहिल्या वर्षाला, घरी सेकंडहँड लॅपटॉप, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, टाकायची आहे. पुण्याचा भाचा म्हणतो काली टाका, दुकानदार म्हणतो उबुंटू; दोन्ही लिनक्सचेच प्रकार. नोकरीच्या दृष्टीनं कोणतं बरं, असं तुम्ही विचारलंय.

काली आत्ता नको. ते सुरक्षा-चाचणी करणाऱ्यांचं हत्यार. नवख्यांनी त्यानं सुरुवात करू नये असं ते बनवणारेच सांगतात. (भाच्याला वाईट वाटू देऊ नका, त्या वयात सगळ्यांना कालीच हवं असतं.) उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप 4 जीबीत धापा टाकतो. म्हणून लिनक्स मिंट 22, तेही एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपचं. पाया उबुंटू 24.04 चाच, त्यामुळे उबुंटूवर शिकलेल्या कमांड तशाच चालतात, आणि अपडेट 2029 पर्यंत येतील. मुलाखतीत फाइलच्या परवानग्या, प्रोसेस (चालू असलेले प्रोग्रॅम), लॉग (सिस्टिमच्या नोंदी) यांवर विचारतात. ते सगळं यावर शिकता येतं.

विंडोज पुसू नका. कर्नाटकातल्या सरकारी कचेऱ्यांत कन्नड टायपिंगला नुडी हे सॉफ्टवेअर चालतं, ते विंडोजवरचं. पुढेमागे तिला लागेल.

आता बसवताना. आयएसओ, म्हणजे मिंट बसवायची फाइल, सुमारे 3 जीबीची. मोबाइलचा रोजचा डेटा दीड जीबी असेल तर मध्येच तुटते, म्हणून कॉलेजच्या वायफायवर उतरवा. 8 जीबीचा पेनड्राइव्ह, तो रुफस या विंडोजवरच्या मोफत प्रोग्रॅमनं तयार करायचा. त्यातलं सगळं पुसलं जातं. तिचे फोटो, नोट्स आधी दुसरीकडे ठेवा. विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. मग डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह 60 जीबीनं कमी करून ती जागा मोकळी सोडा.

पेनड्राइव्हवरून मिंट आधी नुसतं चालवून बघा: वायफाय, आवाज, पडद्याचा उजेड. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल यूएसबीनं जोडून टेथरिंग करा, म्हणजे मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला द्या, आणि इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडून वायफायचा ड्रायव्हर टाका. इन्स्टॉल करताना 'डिस्क पुसा' हा पर्याय समोरच येतो, तिथे घाई नको. 'विंडोजच्या शेजारी' हाच निवडायचा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा गेलेली असते, आणि पार्टिशन लिहिलं जात असताना लाईट गेली तर विंडोजही उघडणार नाही. पावसाळ्यात हे काम इन्व्हर्टर असेल तिथेच करा.

मिंट बसल्यावर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आणि कन्नड कगप या दोन्ही टायपिंगच्या मांडण्या जोडून द्या. कगप म्हणजे नुडीच्याच वळणाची मांडणी, त्यामुळे बोटांना तोच सराव होतो.

पुढे पैसे जमले की आधी 240 जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क), मग रॅम 8 जीबी. त्यानंतर काली व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मिंटच्या आतच दुसरी सिस्टिम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, खुशाल उघडू दे.